काळ्या रानात कर्ब किती?

(पडदा काळा. काडी ओढल्याचा आवाज. पऱ्हाटीच्या काटक्या पेट घेतात.)

फेब्रुवारी संपत आला. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढं धरून ठेवणं, करायची नाही म्हणून ज्यांनी कपाशी वेळेत उपटली, त्यांच्या बांधावर आता पऱ्हाटीचे, कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग आहेत. परभणीकडं जा नाहीतर जालन्याकडं, या दिवसांत संध्याकाळचा वास एकच. ढीग घालायचा, काडी लावायची. दहा मिनिटांत पुरुषभर जाळ, तासाभरात राख. गुलाबी बोंडअळी त्या काड्यांत आणि बोंडांत दडून बसते, त्यामुळं पऱ्हाटी रानात ठेवून चालत नाही. पूर्वी ती सरपणाला जायची. आता चुलीजागी सिलिंडर आलाय.

ही आग मात्र खड्ड्यात आहे. वरून पेटवलेली. शेजारी पाण्यानं भरलेलं टिपाड तयार ठेवलंय. आगीपाशी उभे आहेत त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांची नजर जाळावरून हलत नाही, आणि ती तशी का, ते थोड्या वेळानं कळेल.

(दिवस. नांगरटीची ढेकळं. मामांच्या तळहातावर एक ढेकूळ.)

काळी माती म्हणजे कसदार माती, असं आपण शाळेपासून ऐकतो. मामांनी हे ढेकूळ फोडलं. आतली ओल बघा, भेगांची रेषा बघा. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यांचा झाला काळा पाषाण, आणि तो झिजून झालं हे रान. काळेपणाचं श्रेय बरंचसं त्या पाषाणातून आलेल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांना आणि चिकणमातीला घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा कुजलेल्या अंशाला दिलं जातं. म्हणजे माती काळी दिसली म्हणून तिच्यात कर्ब, म्हणजे कार्बन, भरपूर असेलच, असं नाही.

(जवळून: मातीवर थेंब पडतो. फेस.)

हा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. फसफसलं ना? तो वायू कार्बन डायऑक्साइड. या मातीत चुनखडी आहे, आणि चुनखडीच्या प्रत्येक कणात कार्बन आहे. म्हणजे कार्बन आहेच, भरपूर आहे. पण तो दगडात कोंडलेला. गांडुळाला, जिवाणूला, कपाशीच्या मुळाला त्याचा उपयोग नाही. शेतकरी ज्याला कर्ब म्हणतो तो सेंद्रिय. पाल्यापाचोळ्यातून, शेणातून, मेलेल्या मुळांतून आलेला. तोच आटत चाललाय.

(मातीचे नमुने काढणं. फावडं, घमेलं, गोणपाट.)

नमुना कसा घ्यायचा, तेही बघून घ्या, कारण बरेच जण वरची ढेपळं उचलून पिशवी भरतात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीसेक सेंटीमीटर खोल. खड्ड्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सारखी पापुद्र्यासारखी माती खरवडायची. रानात आठ-दहा ठिकाणी असंच. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, जिथं शेणखताचा ढीग होता तिथं तर मुळीच नको. सगळी माती गोणपाटावर एकत्र करायची, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेल्याचं पुन्हा तेच. शेवटी अर्धा किलो राहते.

(प्रयोगशाळा. काचेचं चंबूपात्र, नारिंगी द्रावण.)

आता नारिंगी रंगाकडं लक्ष द्या. हे पोटॅशियम डायक्रोमेट. त्यात चिमूटभर वाळलेली, चाळलेली माती. वरून तीव्र गंधकाम्ल. भांडं हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि त्या उष्णतेत डायक्रोमेट मातीतला सेंद्रिय कर्ब जाळतं. अर्धा तास थांबायचं. मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल, रंग बदलून खूण देणाऱ्या दर्शक द्रावणाचे काही थेंब. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडायचं. जांभळट निळं, निळं, अजून निळंच... आणि एका थेंबासरशी हिरवं.

डायक्रोमेट किती उरलं, हे त्या हिरव्या थेंबावर कळतं. जास्त उरलं, म्हणजे जाळायला कर्ब कमी होता. वॉकली आणि ब्लॅक यांनी ही रीत 1934 मध्ये मांडली आणि आजही आपल्याकडच्या माती परीक्षणात तीच चालते. सेंद्रिय कर्ब 0.50 टक्क्यांच्या खाली गेला, की पत्रिकेत ‘कमी’ असं येतं.

मामांच्या पत्रिकेत तोच शब्द आहे.

(मामा पत्रिका डोळ्यांपासून लांब धरून वाचतात. आवाज फक्त वाऱ्याचा.)

थोडा हिशोब करू. एका एकरातली वरची 15 सेंटीमीटर माती तोलली तर साधारण 8 ते 9 लाख किलो भरेल. कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 8-9 क्विंटल निव्वळ कार्बन त्या मातीत टिकून राहायला हवा. टिकून, हा शब्द महत्त्वाचा. शेणखतातला बराचसा कर्ब जिवाणू खातात आणि तो हवेत परततो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, उघडं रान आणि वर्षाला कुळवाच्या चार-चार पाळ्या. दावणीची जनावरं कमी झाली तसं खतही कमी झालं. उरलेल्या शेणाच्या कैक घरी गोवऱ्या होतात.

मग टिकणारा कर्ब आणायचा कुठून? आम्ही उत्तर शोधायला पांढरीत गेलो.

(तेर. घरांमागची पांढऱ्या मातीची टेकाडं. संग्रहालयातली मातीची भांडी, मणी.)

आपल्याकडं शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे असंच पांढरीवर पांढर चढत गेलेलं गाव. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात याचं नाव तगर असं येतं. इथलं कापड भडोचच्या बंदराला जायचं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे कपाशीचा आणि मराठवाड्याचा संसार दोन हजार वर्षांचा तरी आहेच.

जुन्या पांढरीत खोदताना लाकूड क्वचितच सापडतं. ते कुजलेलं असतं. पण चुलीतला कोळसा सापडतो, जसाच्या तसा, धार असलेला. उत्खनन करणारे त्याला हातानं उचलत नाहीत. आपल्या बोटांचं तेल, आपला आजचा कार्बन त्याला लागायला नको म्हणून करणीनं किंवा चिमट्यानं उचलून वेगळा ठेवतात. कारण तो तुकडा म्हणजे घड्याळ असतं.

हे घड्याळ चालतं असं. आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळं वातावरणाच्या वरच्या थरात नायट्रोजनपासून कार्बन-14 तयार होतो. झाड अन्न तयार करताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून तो घेतं, झाडाकडून गाय, गायीकडून आपण. जिवंत आहे तोवर आवक चालू. झाड तोडलं की आवक बंद, आणि आत असलेला कार्बन-14 संथपणे विघटन पावत राहतो. 5730 वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं. विलार्ड लिबी यांना याच कामासाठी 1960 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आता ही मोजणी दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्येही होते. ते यंत्र आमच्याकडं चित्रित झालेलं नाही, म्हणून पडद्यावर कोळसाच बघत राहा. बघण्यासारखा तोच आहे.

लाकूड कुजलं, कोळसा राहिला. का? हवेशिवाय तापल्यावर लाकडातला कार्बन एकमेकांना घट्ट धरून षटकोनी कड्या बनवतो. जिवाणूंना त्या सहजासहजी फोडता येत नाहीत.

(अजिंठा. लेण्याबाहेरचं ऊन, मग अंधार. डोळ्यांना सवय होईपर्यंत काही दिसत नाही.)

आत फ्लॅशला मनाई आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळं दिसतंय तेवढंच दाखवतो. लाल आणि पिवळा गेरूचा, हिरवा दगडाचा, निळा लांबून आणलेल्या लाजवर्द दगडाचा. सगळे रंग मातीतून, खडकातून आलेले. केसांचा, बुबुळांचा, भुवईच्या रेषेचा काळा तेवढा दिव्यातून आला. काजळी. आपल्या आज्या तेलाच्या दिव्यावर ताट धरून काजळ पाडायच्या, तीच. लेण्यांतली ही चित्रं पंधराशे वर्षं आणि त्याहूनही जुनी आहेत. गिलावा ढासळला. भुवई अजून काळी आहे.

(परळी. चिमण्या. कोळशाच्या वाघिणी.)

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. परळीच्या वीजकेंद्राला तो रेल्वेनं येतो. 2015 मध्ये पाणीच नव्हतं म्हणून इथले संच बंद ठेवावे लागले होते. हा कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्याच्यातलं घड्याळ केव्हाच थांबलेलं. तो जळतो तेव्हा कार्बन-14 नसलेला कार्बन हवेत मिसळतो आणि हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण पातळ होतं. वाढलेला कार्बन डायऑक्साइड कुठून आला, हे शास्त्रज्ञांना कळण्याची ही एक खूण. उद्योगयुगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. त्याचं पावसावर काय होतंय ते इथल्या लोकांना आम्ही वेगळं सांगायला नको.

(डायलिसिस कक्ष. नळ्या, यंत्राची टिकटिक. मागच्या खोलीत उंच निळी टाकी.)

कोळशाचं आणखी एक काम इथं बघा. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे 120 लिटर द्रव लागतो. त्याचं पाणी आधी या टाकीतून जातं, आणि टाकीत आहे सक्रिय कोळसा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन तो पकडतो. तसंच रक्तापर्यंत गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी छिद्रं असतात, की त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर 500 ते 1000 चौरस मीटर जागा भरेल. आपल्या भाषेत, एका ग्रॅमला पाच ते दहा गुंठे.

काही विषबाधांत रुग्ण लवकर पोचला तर डॉक्टर हाच कोळसा पाण्यात कालवून पोटात देतात. आम्ल, अल्कली, दारू, लोहाच्या गोळ्या यांवर तो चालत नाही. आणि घरी राखुंडीचा कोळसा कुटून पाजायचा तर विचारही करू नका. सरळ दवाखाना गाठा.

(पुन्हा रात्र. खड्डा. जाळ.)

आता मामांकडं. पऱ्हाटीची राख न होता टिकणारा कोळसा व्हावा आणि तो रानात घालावा, यासाठी हा खड्डा. खड्डा कढईसारखा आहे, तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता. तळात काटक्या उभ्याआडव्या रचून वरून पेटवल्या. जाळ वर असल्यामुळं येणारी हवा जाळच खाऊन टाकतो, खालच्या निखाऱ्यांपर्यंत ती पोचतच नाही. लाकडातून निघणारा वायू जाळातच जळतो, म्हणून धूर जवळपास नाही. वरच्या काड्यांवर पांढरी राखेची साय धरायला लागली, की पुढचा थर. आधी टाकला तर धूर होतो, उशीर केला तर राख. मामांची नजर हलत नव्हती ती यासाठी.

“घाई करायची न्हाई. थर मागतंय, तवाच द्यायचं.”

दोन-अडीच तासांत खड्डा निखाऱ्यांनी भरला. आता टिपाड.

(पाणी ओततात. वाफेचा लोट. दहा सेकंद निवेदन नाही.)

विझवायलाच हवं. तसंच सोडून घरी गेलात तर सकाळी राखच हाती येईल. हाताळून बघा, काडी काडीसारखीच आहे, फक्त काळी आणि हलकी. एकमेकांवर पडली की काचेसारखी किणकिणते. एकरी दहा क्विंटल वाळकी पऱ्हाटी धरली तर अशा खड्ड्यातून दोनेक क्विंटल कोळसा निघतो. मघाचा 8-9 क्विंटलांचा हिशोब आठवा. एका वर्षात भागणारं काम नाही हे.

आणि हा कोरडाच रानात फेकायचा नाही. छिद्रं रिकामी असतात, तो पिकाच्या तोंडचा नत्र ओढून घेतो आणि रोप पिवळं पडतं. गोणपाटात घालून तुडवायचा, शेणखतात कालवायचा, गोमूत्र शिंपडायचं आणि दोन-तीन आठवडे मुरू द्यायचा. आपल्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आधीच 8 च्या आसपास, कोळसाही त्याच वळणाचा, म्हणून एकदम सगळ्या रानात न टाकता मामांनी दहा गुंठ्यांत टाकलाय. पिकाचा उतारा वाढला का, हे एका हंगामावर सांगता येत नाही.

(पाऊस. ओल्या मातीवर काळे कण. सरीत पाणी मुरतं.)

(शेवटचं दृश्य: ओसरी. मातीच्या दोन पिशव्या.)

एक पिशवी दहा गुंठ्यांतली, एक शेजारच्या रानातली. आत टाकायच्या चिठ्ठ्यांवर मामांची नात नाव, गट नंबर, खोली आणि तारीख लिहिते आहे. ती पेन उचलते, तर मामा तिच्या हातातून काढून घेतात आणि शिसपेन्सिल देतात. नाव शिसपेन्सिल असलं तरी आत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, तोही कार्बनच. मातीची ओल लागली तरी अक्षर फुटत नाही.