ब्रेक लागला की आपल्याला पुढे कोण ढकलतं?

नमस्कार मंडळी! "सर, तिसरी-चौथीच्या मुलांना बल आणि गती कशी समजवायची?" हा प्रश्न कमेंटमध्ये इतक्यांदा आलाय, की आज बसलोच कॅमेऱ्यासमोर.

सोपं आधी उरकतो. ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल. दार लोटलं, दप्तर उचललं, विहिरीतून बादली ओढली, सगळीकडे बलच. बलाने थांबलेली वस्तू हलते, हलणारी थांबते, वेग नाहीतर दिशा बदलते. एवढं पोरांना लगेच कळतं.

घोळ पुढे आहे. बसला करकचून ब्रेक लागला, आपण पुढे गेलो. कोणी ढकललं? मूल म्हणतं, "बसने." आणि शेजारी बसलेले आईबाबाही मान डोलावतात, हे मला फार खटकतं. अहो, कोणीच ढकललं नाही! बस चाळीसच्या वेगाने धावत होती, तर सीटवर बसलेले तुम्हीही चाळीसच्याच वेगाने निघाला होता. ब्रेकने बस अडवली, तुम्हाला नाही. म्हणून तुम्ही निघाला होता तसेच पुढे गेलात. यालाच जडत्व म्हणतात.

मी चौथीत होतो. नाशिकहून मुंबईला जाताना कसारा घाट उतरत होतो. आजीच्या मांडीवर लाडवांचा पितळी डबा. वळणावर ब्रेक लागला आणि डबा मांडीवरून सुटून दोन सीट पुढे जाऊन आदळला. आजी मागच्या माणसावर चिडली, "ढकलता कशाला?" तो बिचारा आपल्या जागेवरच होता!

अजून पटत नाही? द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडे क्रेट भरताना बघा. घड हलू नयेत म्हणून मोकळ्या जागेत कागद कोंबतात. गाडी थांबली तरी घड पुढे सरकणार आणि मणी गळणार, हे त्या भरणाऱ्या हातांना पक्कं ठाऊक असतं.

आता कॅरम. स्ट्रायकर मारला. बोट सुटलं त्या क्षणी बोटाचं बल संपलं, तरी स्ट्रायकर पळतोच ना? मग थांबतो कशाने? "जोर संपला" असं मुलांना कृपा करून सांगू नका. त्याला घर्षण थांबवतं. पावडर टाकून तेवढ्याच जोराने मारा, लांब जाईल. जोर तोच, घर्षण कमी. घर्षणच नसतं तर तो त्याच वेगाने सरळ जातच राहिला असता. न्यूटनने १६८७ साली पहिला नियम मांडला तो हाच.

यावर एका ताईंची कमेंट होती, "मग गाडीला सतत पेट्रोल का लागतं?" फार छान प्रश्न. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला हवा आणि घर्षण सतत मागे खेचत असतात. इंजिन तेवढंच बल पुढे लावून त्यांना तोलून धरतं. पेट्रोल त्यासाठी जळतं.

आज घरी एक करा. पेल्यावर पत्ता ठेवा, पत्त्यावर पाचचं नाणं. पत्त्याला टिचकी मारा, पत्ता उडेल आणि नाणं टुणकन पेल्यात. मग तोच पत्ता अगदी हळू ओढा. आता नाणं पत्त्याबरोबर येईल, कारण या वेळी घर्षणाला नाणं ओढायला पुरेसा वेळ मिळाला. पण हे उत्तर आधी सांगू नका हं, मुलांना चारदा करून बघू द्या.