जांगर, ठसा आणि उलटी अक्षरं

नमस्कार मंडळी. शाळेत असताना भेंडी कापून रंगात बुडवून वहीभर ठसे मारलेत ना? आज त्याच उद्योगाबद्दल बोलणार आहे, पण गोष्ट आहे कल्मिकियाची, म्हणजे रशियात कॅस्पियन समुद्राच्या वायव्येला जे सपाट गवताळ माळरान आहे तिथली. राजधानी एलिस्ता. लोक मूळचे मंगोल वंशाचे, बौद्ध, चारशे वर्षांपूर्वी घोडे-उंट घेऊन तिथे आलेले, आणि सोबत आणलेल्या गोष्टी सगळ्या तोंडपाठ.

त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे जांगर. आपला अंगातला जांगर नव्हे हं, जांगर हा त्यांचा राजा, आणि त्याच्या पराक्रमाची गाणी म्हणणारा तो जांगरची. आपल्याकडे मशालची, तोपची म्हणतात ना, त्यातला ‘ची’ तिकडच्याच मुलखातून आलेला. जांगरचं राज्य बुंबा, तिथे हिवाळा नाही, मरण नाही, आणि सगळे कायम पंचवीस वर्षांचे! थंडीत गारठणाऱ्या माणसांनी असंच राज्य कल्पावं, नाही का.

आता ही गाणी कागदावर कशी आली ते ऐका. 1908 साली नोम्तो ओचिरोव नावाचा एक कल्मिक विद्यार्थी, पीटर्सबर्गच्या विद्यापीठातला, आपल्याच मुलखात गेला आणि एल्यान ओव्ला नावाच्या जांगरचीसमोर बसला. ओव्ला म्हणतोय, हा उतरवून घेतोय, अशी दहा गाणी झाली. 1910 मध्ये ती पीटर्सबर्गला छापली गेली, आणि कशी, तर शिळाछापावर. आपल्याकडेही सुरुवातीची कितीतरी मराठी पुस्तकं शिळाछापच होती. सुट्या अक्षरांचे खिळे जुळवायची भानगड नाही, हाताने लिहिलेलं दगडावर उतरवायचं आणि त्यावरून कागद काढायचे, त्यामुळे अक्षराचं वळण जसंच्या तसं येतं. कल्मिकांची जुनी लिपी तोदो बिचिग, झाया पंडित नावाच्या बौद्ध भिक्षूने 1648 मध्ये केलेली, वरून खाली लिहितात, अक्षरं एकमेकांना चिकटलेली. बघितली की वाटतं कोणीतरी दोरा सोडून दिलाय. मला ती शिळाछापाची पद्धत म्हणूनच फार बरोबर वाटते, बोलणाऱ्याचा श्वास नाही पण निदान लिहिणाऱ्याचा हात तरी दिसतो.

पुढे 1940 मध्ये जांगरच्या गाण्यांची रशियन आवृत्ती निघाली, चित्रं व्लादिमीर फावोर्स्कीची, लाकडावर कोरण्यात ज्याचं नाव आजही घेतात तो. मोठा सोहळा झाला. आणि तीनच वर्षांनी, 28 डिसेंबर 1943 ला, स्टालिनने अख्ख्या कल्मिक समाजाला गाड्यांत भरून सायबेरियात पाठवलं. नव्वद हजारांहून जास्त माणसं, भर थंडीत, सामान बांधायला मोजका वेळ. त्यांचं प्रजासत्ताकच नकाशावरून पुसलं, घरी परतायला मिळालं ते 1957 मध्ये. मधल्या त्या तेरा वर्षांत किती म्हातारी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर किती गाणी गेली याचा विचार केला ना की छपाईचं महत्त्व एकदम कळतं, कारण सांगणारा एकच असतो पण ठशाच्या प्रती शंभर ठिकाणी जाऊन पडलेल्या असतात, सगळ्या एका वेळी कोणाला गोळा करता येत नाहीत.

आपल्याशी जोडणारा एक धागा सांगते. यांच्याकडे सिद्धी कुर म्हणून गोष्टी आहेत, राजपुत्र प्रेत पाठीवर घेऊन चाललाय, बोलायचं नाही, प्रेत गोष्ट सांगतं, याच्या तोंडून शब्द निघतो आणि प्रेत परत पळतं. ओळखलंत? आपली वेताळ पंचविशीच ती, तिबेट-मंगोलियामार्गे व्होल्गापर्यंत पोचलेली! त्याही 1866 मध्ये जर्मनीत लाइपझिगला मूळ कल्मिक भाषेत छापल्या गेल्यात.

मी स्वतः लिनोकट करते. लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, उरलेल्यावर रोलरने शाई, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. बुंबाचं माळरान कोरताना गंमत झाली, क्षितिजाची एकच आडवी रेघ आणि त्यावर हाँगोरचा, म्हणजे जांगरच्या शूर साथीदाराचा घोडा, बाकी सगळं काळंच सोडलं आणि तेच छान दिसलं. दोंब्राचे, म्हणजे त्यांच्या तंतुवाद्याचे सूर मात्र त्यात येत नाहीत, कितीही कोरा, ते जांगरचीकडूनच ऐकायला हवेत. पण माझा भाचा ते चित्र बघून म्हणाला, मावशी, हा घोडा कोणाचा? मग काय, हाँगोरची गोष्ट सांगावीच लागली, ती पण जेवण गार होईपर्यंत.

फक्त खाली ‘बुंबा’ लिहिलं होतं ते मी सरळच कोरलं होतं, त्यामुळे छापलं तेव्हा आरशात बघून वाचावं लागलं. तुम्ही करून बघणार असाल तर आधी कागदावर लिहा, कागद खिडकीच्या काचेला उलटा लावा आणि मागून दिसेल तसं गिरवा.