आवाज ऐकताना चेहरा काय करतो

आखाजीचे म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस आहेत, अमळनेरच्या बसस्टँडवर एसटी लागली की माहेरवाशिणी उतरताय आणि घ्यायला आलेल्या आया धावत पुढे जाताय. थोडा वेळ डोळे मिटा आणि फक्त ऐका. "उनी का वं माय!" म्हणजे आलीस का गं, आणि त्याच्यामागे हुंदक्यासारखा एक आवाज. ही बाई रडतेय की हसतेय?

आता डोळे उघडा. चेहरा दिसला आणि तोच आवाज आनंदाचा वाटायला लागला ना, आवाजात आपण काही केलेलं नाही बरं का, हुंदका तोच आहे.

कान ऐकणार, डोळे बघणार, असं आपण धरून चालतो, पण मेंदूत ते एकमेकात मिसळतं. १९७६ साली मानसशास्त्रज्ञ हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की कानावर 'बा' पडला आणि समोरचे ओठ 'गा' म्हणताना दिसले तर पुष्कळांना चक्क 'डा' ऐकू येतो.

भावनेचंही तसंच. नेदरलँड्समधल्या बेआट्रिस डी गेल्डर आणि जाँ व्रूमेन यांचा २००० सालचा प्रयोग बघा, त्यांनी आवाज थोडा थोडा करत एका भावनेकडून दुसऱ्या भावनेकडे सरकवत नेला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. लोकांना बजावून सांगितलं होतं की चेहरा सोडून द्या, आवाज कसा वाटतो तेवढंच सांगा. तरी उत्तरं चेहऱ्याकडेच झुकली! मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं, ठरवूनसुद्धा थांबवता येत नाही. उलटंही होतं, आवाजामुळे चेहरा वेगळा वाटतो. आणि आवाज धड इकडचा ना तिकडचा असला की चेहऱ्याचा जोर वाढतो, म्हणून तर स्टँडवरच्या त्या हुंदक्याला आपण फसलो.

हे सगळीकडे सारखंही नाही. २०१० साली अकिहिरो तनाका आणि सहकाऱ्यांनी जपानी आणि डच लोकांची तुलना केली, तर चेहरा ओळखताना जपानी लोकांवर आवाजाचा परिणाम जास्त दिसला.

पुण्याला नोकरीला असलेली पोरगी फोनवर "मी बरी आहे गं आई" म्हणते, आई लगेच म्हणते व्हिडिओ कॉल लाव. घरातले हसतात, एवढा काय संशय म्हणून. पण नुसत्या आवाजावर तिला अर्धंच कळत असतं, आणि उरलेलं अर्धं तिला हक्काने बघायचं असतं.