चाल, चोपडी आणि तबकडी

[दृश्य: खिडकीजवळचं टेबल. नाटकाचं जुनं पुस्तक, स्वरलेखनाची वही, कागदी पाकिटातली काळी तबकडी.]

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं, की प्रत्येक पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ दिसते. राग, ताल आणि मग ‘चाल’ हा शब्द. त्या शब्दापुढे दुसऱ्याच एका गाण्याची सुरुवात छापलेली असते. कधी हिंदी चीज, कधी ठुमरी, कधी आधीच्या एखाद्या नाटकातलं पद. तेवढंच. पुढे लगेच पदाचे शब्द सुरू होतात.

ज्याला ते दुसरं गाणं येतं, त्याला हेही गाता येतं. ज्याला येत नाही, त्याने ते शोधत निघायचं. मी अशीच निघाले होते. एका ओळीच्या मागे लागले आणि घरात पुस्तकं, नोटेशनच्या वह्या आणि तबकड्या साठत गेल्या.

[दृश्य: पुस्तकाचं पान जवळून. बोट ‘चाल’ या शब्दावर थांबतं.]

31 ऑक्टोबर 1880. पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. पुढे 1882 मध्ये सौभद्र आलं. या नाटकांची पुस्तकं वाचताना पदांवर साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी नावं दिसतात. आज आपण ती वृत्तांची नावं म्हणून वाचतो. तेव्हाच्या प्रेक्षकाला दिंडी म्हटलं, की ती कशी म्हणायची हे विचारावं लागत नव्हतं. कीर्तनात, पोथीत, घरातल्या बायकांच्या तोंडी त्याने ती लहानपणापासून ऐकलेली होती. छापणाऱ्याने एक नाव दिलं, बाकीचं वाचणाऱ्याच्या कानात आधीच होतं.

पुढे चाली बदलल्या. 1911 साली मानापमान आलं. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि त्यांनी त्यात पूरबेकडची ठुमरी, दादरा, कजरी आणली. पुस्तकातली ती बारीक ओळ तेव्हापासून जास्त अवघड झाली, कारण आता चालीचं मूळ शोधायला दूर उत्तरेकडे जावं लागत होतं. कीर्तनातली दिंडी आजीकडून कळते. बनारसकडची ठुमरी कोणाला विचारायची?

[ध्वनी: सुई टेकते. खरखर.]

इथे ही तबकडी कामाला येते.

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गायिका गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. त्या काळच्या बऱ्याच तबकड्यांत शेवटी असं नाव ऐकू येतं. मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला भाषा कळत नसे. कोणाची चिठ्ठी कोणत्या तबकडीवर लावायची, ते या नावावरून समजायचं. 1908 मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला आणि तो लांबचा फेरा संपला.

ही तबकडी जिची बनायची ती लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक किडा ती तयार करतो. बांगड्यांची लाखही तीच. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ही जड, काळी वस्तू बनायची. हातातून सुटली, की बशीसारखी फुटते. दहा इंचाची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास चालते. मिनिटाला 78 फेरे, म्हणजे जेमतेम अडीचशे फेऱ्यांत सगळं गाणं.

आता दुसरीकडे नाटकगृह डोळ्यांसमोर आणा. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. एका पदाला वन्स मोअर, मग पुन्हा वन्स मोअर. मायक्रोफोन येण्याआधीच्या मुद्रणात तोच गायक एका कर्ण्यासमोर उभा राहायचा. आवाज वर गेला, की तोंड मागे घ्यायचं. तबला थोडा लांब ठेवायचा. आणि सव्वातीन मिनिटांच्या आत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं.

मला हे नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. तबकडीला आपण नाटकाचं मुद्रण समजतो, पण ते पद त्या तीन मिनिटांसाठी मुद्दाम पुन्हा बांधलेलं असतं. आलाप गाळलेले, अंतऱ्यावर लवकर आलेलं, आणि अनेक तबकड्यांत शेवटच्या अर्ध्या मिनिटात लय थोडी चढलेली. एकदा हे लक्षात आलं, की ऐकण्याची रीतच बदलते. गायकाने काय ठेवलं, काय सोडलं, याकडे कान लागतो. तीन मिनिटांत काय ठेवावं हे ज्याला कळतं, त्याला ते पद किती आतून कळलेलं असेल!

[दृश्य: जुन्या रंगमंचाचं चित्र. हळूहळू अंधार.]

एक गोष्ट मात्र मनाला लागते. किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर आपल्या गळ्यासाठी महाराष्ट्रभर गाजले होते. ते 1901 मध्ये गेले, वयाच्या चाळिशीच्या आत. गौहर जान कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या त्याच्या दीड-पावणेदोन वर्षं आधी. भाऊरावांची पदं आपल्याकडे छापील आहेत, चालींची नावं आहेत, त्यांना ऐकलेल्यांनी लिहिलेलं आहे. आवाज नाही.

[दृश्य: स्वरलेखनाची वही उघडते.]

तबकडी आणि पुस्तक यांच्या मध्ये ही वही बसते.

विष्णु नारायण भातखंडे मुंबईत वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मले. शिक्षणाने आणि व्यवसायाने वकील. बंदिशी तेव्हा गवयांच्या कंठात आणि घराण्यांच्या कुलपात होत्या. भातखंडे ज्यांनी दार उघडलं त्यांच्यापुढे बसले, ऐकलं, लिहून घेतलं, आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत ते छापून सगळ्यांच्या हाती दिलं. मूळ मराठीत. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ तर गुरू आणि शिष्य यांच्या संभाषणातून पुढे जाते. शिष्य शंका काढतो, गुरू समजावतो. शास्त्राचं पुस्तक असूनही ते मोठ्याने वाचायला फार छान आहे. एकदा वाचून बघा.

त्यांचं स्वरलेखन साधं आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमावर उभी रेघ. खाली टिंब असेल तर मंद्र सप्तक, वर टिंब असेल तर तार. समेला गुणाकाराचं चिन्ह, टाळी नसलेल्या ‘खाली’च्या मात्रेला शून्य. छापखान्यातल्या नेहमीच्या खिळ्यांत थोडी भर घालून बसेल असं हे सगळं आहे, आणि म्हणूनच ते गावोगावच्या गायनवर्गांत पोचलं.

पण रेघ ती रेघ. मी पेटी शिकत होते तेव्हा माझ्याकडे यमनच्या एका बंदिशीचं नोटेशन होतं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. तिच्यात मध्यमावरच्या बारीक उभ्या रेघा उडून गेल्या होत्या. मी कित्येक आठवडे शुद्ध मध्यम वाजवत होते. गाणं गोड लागत होतं, पण ते यमन नव्हतं. मग एका दुपारी मी तीच चीज तबकडीवरून काढलेल्या मुद्रणात ऐकली. पहिल्याच ओळीत गंधारावरून पंचमाकडे जाताना मध्यम असा लख्ख वर चमकला, की माझा हात पेटीवर थांबला. ते पान अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक मध्यमावर पेन्सिलीने उभी रेघ मारलेली.

[दृश्य: पेन्सिलीच्या रेघा असलेलं पान.]

याच्या उलटही होतं. तबकडी चुकते तेव्हा वही तिला सावरते. आपण सगळ्यांना ‘78’ म्हणतो खरं, पण जुनी मुद्रणं अगदी त्याच वेगाने झालेली असत असं नाही. 74 फेऱ्यांवर मुद्रित केलेली बाजू 78 वर लावली, तर सूर पेटीवरचा जवळजवळ एक पडदा चढतो. पांढरी पाचचं गाणं काळी चारला ऐकू येतं. लय घाईची होते, आवाज बारीक होतो, आणि आपण म्हणतो की जुने लोक किती चढ्या पट्टीत गात होते! नेटवर मिळणाऱ्या कितीतरी मुद्रणांत हा घोळ आहे. पेटी जवळ ठेवा. षड्ज दोन पडद्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल, तर वेगाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

आणि खरखर? ती पार पुसून टाकलेली मुद्रणं मला ऐकवत नाहीत. खरखरीबरोबर गळ्यातली हवा जाते, शब्दाच्या शेवटचा ‘ह’ जातो. थोडी खरखर राहू द्यावी. दहाव्या सेकंदाला कान ती विसरतो.

[दृश्य: तिन्ही वस्तू शेजारी शेजारी.]

आता एक पद घेऊ. ‘नाथ हा माझा’. नाटक स्वयंवर, साल 1916, लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. गंधर्व नाटक मंडळी. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. राग यमन, ताल त्रिताल. संगीत भास्करबुवा बखल्यांचं.

आधी पुस्तक वाचा, आणि नुसतं पद वाचू नका. त्याच्या आधीचे संवाद वाचा. रुक्मिणी कुठल्या पेचात आहे, कोणाला वरायचं आणि कोणाला नाही, हे कळल्यावर ‘नाथ’ या शब्दाला वजन येतं. मग नोटेशन समोर घ्या आणि पेटीवर एकेक मात्रा वाजवा. सावकाश. सांगाडा हाताला लागतो. शब्द कुठल्या मात्रेला उचलला, सम कुठे ठेवली, ते दिसतं. कागदावर हे सगळं थोडं कोरडं वाटेल. वाटू द्या.

आणि मग तबकडी लावा.

[ध्वनी: ऑर्गनचे स्वर, मग आवाज. निवेदन थांबतं, पंधरा सेकंदांनी पुन्हा सुरू.]

वहीत जिथे एका मात्रेत दोन स्वर लिहिले होते, तिथे बालगंधर्वांच्या गळ्यातून किती बारीक हरकती निघतात, ते आता ऐकू येतं. त्या कागदावर उतरत नाहीत, आणि त्या उतरवण्याचा हट्टही धरू नये असं माझं मत आहे. पण वही हाताखालून गेली नसती, तर त्या हरकती नेमक्या कशाभोवती गुंफल्या आहेत हेही मला कळलं नसतं.

मराठीत गाण्यावर लिहिणाऱ्यांनी आपल्याला फार दिलं आहे. टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ आहे. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानेही लिहीत. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते, आणि 1961 मध्ये त्यांनी ‘घरंदाज गायकी’ लिहिली. घराण्यांकडे ते स्वर आणि लय यांच्या तोलातून पाहतात. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, आणि जयपूर तोल सांभाळून मध्ये. हे वाचून पुस्तक मिटू नका. आधी किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावा, तिच्यामागोमाग आग्र्याच्या फैयाज खाँसाहेबांची. पानावरचं वाक्य खोलीत उभं राहतं. ते पटतं की नाही, हे मग आपण स्वतः ठरवायचं. मला ते बरंचसं पटतं. कधी कधी भांडावंसंही वाटतं, आणि पुस्तकाशी असं भांडायला मिळणं हे माझ्या मते मोठंच सुख.

अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम मिरजेला. मानापमानातलं ‘चंद्रिका ही जणू’ हे पद त्यांनी देवगांधारात तबकडीवर गायलं आहे. नाटकासाठी लिहिलेलं मराठी पद किराण्याच्या स्वरात कसं विरघळतं, ते तिथे ऐका. त्यांच्याच झिंझोटीतल्या ‘पिया बिन नहीं आवत चैन’ या तबकडीने गदगच्या एका मुलाला घराबाहेर काढलं. भीमसेन जोशी तेव्हा अकरा वर्षांचे होते.

[दृश्य: पुन्हा टेबल. संध्याकाळचा उजेड.]

शेवटी भास्करबुवा. ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडून, आग्र्याची नत्थन खाँकडून, जयपूरची अल्लादिया खाँकडून. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात. 1922 मध्ये ते गेले. तबकड्यांचा धंदा तोवर वीस वर्षं चालू होता, तरी त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही.

त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘रागसंग्रहमाले’च्या सात भागांत बंदिशी स्वरलेखनासह छापल्या. स्वयंवराच्या चाली त्यांच्या दुसऱ्या शिष्याच्या, बालगंधर्वांच्या, गळ्यातून तबकड्यांवर गेल्या. नाटकाच्या पुस्तकात त्याच पदांवर ती एकेक बारीक ओळ आहे. मी ही तिन्ही घेऊन बसते, आणि एखाद्या जागी वहीतला स्वर आणि तबकडीतला स्वर बरोबर एकाच वळणाने खाली उतरतात. शिष्याने लिहिलं, दुसऱ्या शिष्याने गायलं. ते वळण दोघांना कोणी शिकवलं, हे मला माहीत असतं.

सुई बदलायला हवी. दर बाजूला नवी सुई, नाहीतर चरे झिजतात.

[दृश्य: तबकडी उलटी होते. ध्वनी: चावी, मग खरखर.]