दहा फुटांवरची टोपली

रंगमंचावर रिंग नाही, चेंडूही नाही. विंगेत मांडी घालून बसलेली मुले लाकडी फळ्यांवर तळहातांनी ठेका धरतात आणि तोच चेंडूच्या टप्प्यांचा आवाज होतो. रस्त्यावरच्या बास्केटबॉलमधून अध्यात्माचा शोध घेणाऱ्या एका शालेय नाटकाची ही रंगीत तालीम आहे.

नाटकाची सुरुवात होते १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत. धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले, बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथे शिकवत होते. त्यांनी पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून घेतल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवरच असते. टोपलीचे तोंड आकाशाकडे असल्यामुळे तेथे नुसता जोर कामाचा नव्हता, चेंडू कमानीतून अलगद सोडावा लागे. त्यांच्या १३ नियमांनुसार चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती. तो जेथे हाती आला, तेथूनच पुढे द्यावा लागे. हाती आलेले धरून न ठेवण्याची ही शिस्त नाटकाच्या मुळाशी आहे.

पुढचा प्रवेश न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. उद्यान विभागात काम करणारे होल्कोम्ब रकर मुलांचे सामने भरवत आणि त्यांची प्रगतिपुस्तकेही पाहत. त्यांच्या नावाच्या मैदानावर खेळलेल्या प्रसिद्ध बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांनी १९६८ मध्ये इस्लाम स्वीकारला. तेथून नाटक मुंबईच्या नागपाड्यात येते. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तेथे नेबरहूड हाऊस हे समाजकेंद्र उभे केले, आणि त्या वस्तीतील मुलांनी बास्केटबॉल आपलासा केला.

मूळ संहितेत एक वृद्ध प्रशिक्षक मुलांना ध्यानाचा अर्थ समजावून सांगत होते. ते लांबलचक स्वगत तालमीत वगळले गेले आणि ते योग्यच झाले, असे आम्हाला मनापासून वाटते. कारण त्या स्वगताला जे सांगायचे होते, ते आता एका फ्री थ्रोमध्ये, म्हणजे कोणी न अडवता रेषेवरून टाकायच्या चेंडूत, दिसते.

रिंगमागच्या काल्पनिक फळीपासून पंधरा फुटांवर खडूने आखलेल्या रेषेशी एक मुलगी उभी राहते. ठेका थांबतो. ती घाम आलेले तळवे फ्रॉकला पुसते, गुडघे किंचित वाकवते, श्वास सोडते आणि रिकामे हात वर नेते. मनगट पुढे झुकते, तसेच राहते. समोर बसलेले शिक्षक मान वर करून पाहत राहतात.