कापसाच्या गाठी, कापडाचे वार

(अमरावतीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, येताना मी खिशात हा कापूस घेऊन आलोय. मागच्या रांगेला दिसणार नाही, पण तुम्हाला तो नवा नाही. देशी वाण, सरकी काढलेला. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ओढला की पुंजका लगेच सुटतो, कारण धागा आखूड, पाऊण इंचाच्या आसपास. लिव्हरपूलच्या बाजारात याला 'उमरा' म्हणत. म्हणजे उमरावती, म्हणजे आपलं हेच गाव. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना हा फारसा आवडायचा नाही, त्यांना लांब धागा हवा. जपानी गिरण्यांनी मात्र तो अमेरिकन कापसात मिसळून जाडंभरडं सूत काढायचं तंत्र बसवलं आणि जपान हिंदुस्थानी कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं. तोयो मेनका, गोशो या जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाड-खानदेशच्या बाजारांत बोली लावायचे.

संयोजकांनी मला विषय दिलाय 'जकातीतून युद्ध पेटतं का?' अशा वेळी वक्ते 1930चा अमेरिकेचा स्मूट-हॉले कायदा काढतात. अमेरिकेनं आयातकर वाढवले, जपानचं रेशीम बुडालं, उपाशी जपान चीनवर चालून गेला, अशी ती गोष्ट. ऐकायला चोख आहे. अडचण एवढीच, की त्या कायद्यात कच्च्या रेशमावर जकातच नव्हती! रेशमाचा भाव पाडला तो मंदीनं. म्हणून मी तुम्हाला आपल्या घरची गोष्ट सांगतो.

डिसेंबर 1931मध्ये जपाननं सुवर्णमान सोडला, म्हणजे आपलं चलन येन सोन्याच्या भावाला बांधून ठेवणं थांबवलं. वर्षभरात डॉलरच्या तुलनेत येन निम्म्याहून खाली आला आणि जपानी कापड मुंबईच्या बाजारात मातीमोल भावानं उतरू लागलं. गिरणीमालकांनी सरकारकडे धाव घेतली. ऑगस्ट 1932मध्ये ब्रिटिशेतर कापडावर 50 टक्के जकात बसली, जून 1933मध्ये ती 75 टक्के झाली. ब्रिटिश कापडावर 25च. जपानी गिरण्यांनी यावर एकच केलं : हिंदुस्थानी कापूस घेणं बंद.

आता बघा, भांडण कोणाचं? मुंबईत परळच्या गिरणीचं आणि जपानात ओसाकाच्या गिरणीचं. गळा कोणाचा आवळला? इथल्या कापूसवाल्याचा. त्याला ना संरक्षण मिळालं, ना कोणी विचारलं. (ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरची जकात 50 टक्क्यांवर नेली, तेव्हा आपल्या सरकारनं गिरण्यांना दिलासा म्हणून कापसावरचा 11 टक्के आयातकर तात्पुरता उठवला. विदर्भातला शेतकरी का चिडला, हे इथं समजावून सांगायची गरज नाही.)

पण 1933चं भांडण लढाईपर्यंत गेलं नाही. सप्टेंबरात शिमल्याला बोलणी सुरू झाली. हिंदुस्थान सरकारतर्फे जोसेफ भोर, नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. आरोग्यसेवेवरची भोर समिती ती यांचीच. समोर जपानतर्फे सेत्सुझो सावादा. कित्येक महिने घासाघीस चालली आणि जानेवारी 1934मध्ये सौदा जमला. त्यातलं गणित मला फार आवडतं. जपाननं 10 लाख गाठी कापूस उचलला तर त्याला 32.5 कोटी वार कापड विकता येईल. 15 लाख गाठी उचलल्या तर 40 कोटी वार, त्यापुढे नाही. गाठ 400 पौंडांची. जकात 75वरून 50 टक्के. कोणी कोणाचा मित्र झाला नव्हता, दोघांनाही गरज होती इतकंच.

तेव्हा जकातीचे तंटे चर्चेनं मिटतात आणि व्यापार शांतता राखतो, असं म्हणून मला इथंच बसता आलं असतं. पण तेही खरं नाही. शिमल्यात वार मोजणाऱ्या याच जपानचं सैन्य सप्टेंबर 1931पासून चीनच्या मांचुरिया प्रांतात लढाई करत घुसलं होतं आणि मार्च 1933मध्ये त्यानं राष्ट्रसंघाला रामराम ठोकला होता. कापडाचा सौदा करणारे वेगळे, टोकियोत नकाशे पसरून बसलेले वेगळे. 1914मध्येही ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची बडी गिऱ्हाइकं होती. सैन्यानं ठरवलं की गिऱ्हाइकाला कोण विचारतो?

माझ्या मते खरा फरक जकात आणि बंदी यांच्यात आहे. जकातीत दर असतो, आणि दर म्हटला की घासाघीस आलीच. बंदीत घासायला काही उरत नाही. जुलै 1941मध्ये जपाननं दक्षिण इंडोचायनात सैन्य घुसवलं. 26 जुलैला अमेरिकेनं जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद झालं. जपानच्या तेलापैकी सुमारे 80 टक्के अमेरिकेतून यायचं. हातातला साठा फार तर दोन वर्षांचा. वाटाघाटी झाल्या, नाही असं नाही. पण अमेरिका मागत होती चीनमधून माघार, आणि ती 10 लाख गाठींसारखी मोजून देता येण्यातली गोष्ट नव्हती. रोज टाकीतलं तेल मोजणाऱ्या जपानी आरमाराला थांबायला वेळ नव्हता. 7 डिसेंबरला जपाननं अमेरिकेच्या पर्ल हार्बर या आरमारी तळावर हल्ला केला. तेलबंदी चूक होती असं मी म्हणत नाही. चीनमध्ये जे चाललं होतं त्याला तेल पुरवत राहणं हेही पापच होतं.

त्याच जुलैत हिंदुस्थान सरकारनंही जपानची मालमत्ता गोठवली आणि व्यापार थांबला. हा आखूड धागा मग घेणार कोण? दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. 1942मध्ये सरकारनं 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली आणि आखूड धाग्याच्या कापसाखालची जमीन धान्याकडे वळवा म्हणून सांगू लागलं. जपानच्या कोबे बंदराकडे जाणाऱ्या बोटीसाठी ज्या वावरांत 'उमरा' पिकायचा, त्यातल्या कित्येकांत ज्वारी उभी राहिली.