जुन्या वाड्याच्या खिडक्या: काय ठेवावं, काय नवं घ्यावं

नमस्कार श्रोतेहो. बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत ज्यांची जुनी घरं आहेत, त्यांच्याकडे पावसाळा संपता संपता एक विषय हमखास निघतो. खिडकी लागत नाही, चौकट खालून कुजली आहे, आता सगळ्याच काढून नव्या बसवू या का? आजचं बोलणं या प्रश्नावर आहे.

उत्तर द्यायच्या आधी हातात एक पेचकस घ्या आणि खिडकी तपासा. चौकटीचे दोन्ही उभे खांब तळापासून वर बोटभर अंतरानं टोचत जा. खालची आडवी पट्टी, झडपेची खालची पट्टी आणि पट्ट्यांचे सांधेही टोचा. टोक अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेलं आणि आत मऊ भुसा लागला, तर तो भाग गेला. टोक अडलं, तर लाकूड धड आहे, वरचा रंग कितीही पोपडलेला असो. बहुतेक वाड्यांत असं दिसतं की कुज खालच्या ६ ते ९ इंचांत आहे आणि वरचं सगळं ठणठणीत आहे. अशी खिडकी पूर्ण काढून टाकणं म्हणजे चांगलं लाकूड भंगारात देणं. त्या काळचा साग मोठ्या, सावकाश वाढलेल्या झाडांचा आहे. आज वखारीत मिळणारा लागवडीचा साग कोवळ्या झाडांचा असतो आणि त्यात सालीजवळचा पांढरा भाग जास्त येतो. तो पांढरा भाग सागाचा असला तरी वाळवीला आणि किडीला विरोध करत नाही. तो गुण फक्त गाभ्यात असतो.

वाळवी आणि लाकूडकिडा यांतला फरक ओळखा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, आणि ती भिंतीतून किंवा जमिनीतून वर आली आहे. अशा वेळी नुसतं लाकडाला औषध लावून भागत नाही, भिंतीलाही उपचार करावा लागतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर किडा आहे. पूड झाडून घ्या, खाली पांढरा कागद ठेवा आणि पंधरा दिवसांनी बघा. ताजी पूड पडली असेल तर कीड जिवंत आहे. नसेल तर ती जुनी भोकं आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही.

चौकटीचा खांब खालून कुजला असेल तर तेवढाच तुकडा बदलता येतो. कुजलेल्या भागाच्या वर निदान २ इंच धड लाकडात जाऊन कापायचं. काप आडवा सरळ नको, तिरका हवा. चौकट ४ इंच खोल असेल तर हा तिरका काप उभ्यात ८ इंच लांब ठेवा आणि त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली येऊ द्या, म्हणजे फटीत शिरलेलं पाणी बाहेर उतरेल. हा उतार उलटा झाला तर तोच सांधा पाणी घरात आणतो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा कुजतो. सागात तेल असतं, त्यामुळे सरस धरत नाही अशी तक्रार नेहमी येते. चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही तोंडं ताज्या रंध्यानं किंवा सँडपेपरनं उघडा, ॲसिटोननं पुसा, वाळताच इपॉक्सी लावा आणि शिकंजा आवळून ठेवा. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. लोखंडी स्क्रू गंजून फुगतो आणि लाकूड काळं करतो.

एक सावधगिरी मात्र प्रत्येकानं घ्यायची आहे. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरात खिडकीची वरची पट्टी किंवा तिच्या माथ्यावरची तुळई वरच्या भिंतीचा भार पेलत असू शकते. चौकट उपटण्याआधी वरून भार येतो का, हे जाणकाराला दाखवा आणि येत असेल तर आधी टेकू द्या. चौकट काढली आणि वरच्या विटा सरकल्या, हा अपघात घाईनंच होतो.

आता समजा, खिडकी खरोखरच नवी करायची आहे. कोणती करायची? माझं मत स्पष्ट आहे: जुन्या खिडकीची मापं आणि वळण तेच ठेवा. तांबेकर वाडा आपण सगळ्यांनी पाहिला असेल. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, आणि त्यांचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. लोक तिथे भिंतीवरची चित्रं बघायला जातात. पुढच्या वेळी गेलात तर खिडक्यांसमोरही थांबा. चौकटीच्या जाडीचं झडपेच्या पट्ट्यांशी काय प्रमाण आहे, भिंतीच्या पृष्ठभागापासून चौकट किती आत बसवली आहे, हे डोळ्यांत साठवा. जुन्या घराचा चेहरा या दोन मापांवर उभा असतो. म्हणूनच अशा घरात प्लास्टिकची खिडकी बसवली की भिंत एकदम परकी दिसते. तिच्या जाड, सपाट पट्ट्या काचेची जागा खातात, आणि एखादा कोपरा बिघडला तर सुताराला तो दुरुस्त करता येत नाही.

जुनी खिडकी काढण्याआधी तिचं माप कागदावर उतरवून घ्या: चौकटीची रुंदी आणि खोली, झडपेच्या पट्टीची रुंदी आणि जाडी, काचेच्या कडेच्या नक्षीचा आडवा छेद. नक्षीवर पत्र्याची पट्टी कापून तंतोतंत बसवा आणि तो साचा मिस्त्रींना द्या. आपण चौकट म्हणतो, तर गुजराती मिस्त्री दाराच्या चौकटीला बारसाख म्हणतात, झडपेला आणखी काही. शब्दांचा घोळ होतो, पण पत्र्याचा साचा दोघांनाही एकच गोष्ट सांगतो.

किती लाकूड लागेल? पेन्सिल घ्या. ३ फूट रुंद, ५ फूट उंच खिडकी धरू. चौकट ४ इंच बाय अडीच इंच, भिंतीत जाणारे कान धरून १७ फूट लांबी. चारला अडीचनं गुणून १०, त्याला १७ नं गुणून १७०, भागिले १४४, म्हणजे साधारण १.१८ घनफूट. दोन झडपांच्या पट्ट्या साडेतीन इंच बाय सव्वा इंच, मिळून २७ फूट. ते झालं सुमारे ०.८२ घनफूट. एकूण २ घनफूट. कापण्या-रंधण्यात जाणाऱ्यासाठी एक चतुर्थांश जास्त धरा, म्हणजे अडीच घनफूट. झडपांमधल्या फळ्या वेगळ्या. हा हिशोब हाताशी असला की कोटेशनमध्ये ४ घनफूट लिहिलेलं दिसल्यावर प्रश्न विचारता येतो.

वखारीत साग म्हणून दुसरंच लाकूड रंगवून दिलं जातं, ही भीती खोटी नाही. रंध्याचा एक ताजा फटका मारायला सांगा. खरा साग हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. ओंडक्याचं तोंड धारदार पटाशीनं साफ केलं तर वाढीच्या वर्तुळांवर बारीक छिद्रांची ओळ दिसते. वलसाडी साग, बल्लारशाचा साग, आफ्रिकेतून किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेला साग, अशी नावं ऐकू येतील. नावापेक्षा फळीच्या कडा बघा. पांढरी पट्टी दिसली तर ती बाहेरच्या चौकटीत चालणार नाही. चौकटीसाठी साल (साल वृक्षाचं लाकूड) हा स्वस्त पर्याय आहे, मजबूत आहे, पण जड आहे आणि वाकतो, म्हणून झडपेला नको. पाडलेल्या वाड्यातला जुना साग मिळाला तर अवश्य घ्या. तो घेताना मात्र आतले खिळे शोधणारं यंत्र फिरवून घ्या, नाहीतर करवतीचं पातं जाईल.

आणि आता सगळ्यात मोठी चूक. मे महिन्यात खिडकी घट्ट बसवतात. ऑगस्टमध्ये ती अडकते. मिस्त्री येऊन रंधा मारून जातात. डिसेंबरात बोटभर फट पडते, आणि दोष लाकडाला मिळतो. लाकूड आडव्या रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. सागाची आडवी कापलेली पट्टी, म्हणजे जिच्या तोंडावर वर्तुळांच्या रेषा आडव्या दिसतात ती, ओलावा १ टक्का वाढला की दर मीटर रुंदीला सुमारे १.९ मिलिमीटर फुगते. आपल्या खिडकीत साडेतीन इंची चार उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी येतात, म्हणजे १४ इंच. कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा ८ टक्के आणि भर पावसात १४ टक्के धरला, तर ४ मिलिमीटर वाढ होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा हे झालं सव्वा सूत. तेवढी जागा उन्हाळ्यात सोडलेली नसेल तर खिडकी अडकणारच. उन्हाळ्यात बसवताना मधल्या आणि कडेच्या फटी मिळून सव्वा ते दीड सूत सोडा; पावसाळ्यात बसवली तर जेमतेम अर्धं सूत पुरतं. फळीच्या तोंडावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतील अशी पट्टी निवडली तर हीच हालचाल जवळपास निम्मी होते, म्हणून झडपांच्या उभ्या पट्ट्यांसाठी अशी फळी मागा.

मधली फळी पट्ट्यांच्या खाचेत मोकळी बसायला हवी. तिला सरस नाही, खिळा नाही. प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर जागा सोडा. फळी खिळ्यानं ठोकली की ती फुगून सांधा उघडते किंवा आकसून चिरते. लाकूड आणतानाच ओलावामापक यंत्र लावून बघा. १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा; १८ दिसला तर ते लाकूड सावलीत पट्ट्या घालून रचून ठेवा, कामाला लावू नका.

सांधे कुसू (पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ) आणि खाचेचे असू द्या, कुसू पट्टीच्या एक तृतीयांश जाडीचा. नुसते स्क्रू मारून जोडलेली झडप दोन वर्षांत खाली झुकते. झडप ४ फुटांहून उंच असेल तर तीन बिजागऱ्या लावा, ४ इंची, पितळी.

पाणी खालच्या पट्टीवर साचतं, कुजण्याची सुरुवात तिथूनच होते. या पट्टीला बाहेर उतार द्या, आणि भिंतीच्या बाहेर येणाऱ्या कडेच्या खाली, टोकापासून अर्धा इंच आत, दोन सूत रुंदीची खाच काढा. थेंब त्या खाचेपर्यंत येतो आणि खाली पडतो, मागे भिंतीकडे जात नाही. खर्च काहीच नाही, तरी नव्या खिडक्यांत ही खाच क्वचितच दिसते.

गज बसवण्याआधी त्यांना रेड ऑक्साइड लावा, विशेषतः चौकटीत जाणाऱ्या टोकांना. गंज फुगतो आणि चौकटीला उभी चीर पाडतो. दोन गजांत ४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, घरात लहान मुलं असतील तर अजिबात नको.

पश्चिमेच्या खिडकीला दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा, दोन्ही सोसावे लागतात. तिथे बाहेर झिलमिलीच्या, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या, झडपा आणि आत काच, अशी दुहेरी योजना सगळ्यात चांगली. जुन्या तावदानाची काच किंचित लहरी असते. ती फुटली नसेल तर पुन्हा वापरा. काच बसवण्याआधी खाचेला प्रायमरचा एक हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं (काच बसवायच्या पुटीतलं) जवसाचं तेल शोषून घेतं, मग लांबी तडकते आणि गळते. काच खाचेपेक्षा प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटर लहान कापा. लांबी भरून आठवडाभर थांबा आणि मग रंग द्या. रंगाची कड काचेवर २ मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे तिथून पाणी आत जात नाही.

जुना रंग काढताना कोरडा सँडपेपर मारू नका, ज्योतीनं जाळू नका. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओला खरवडा, मास्क लावा, खाली प्लास्टिक पसरा आणि मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

चौकट भिंतीत बसवताना तिच्या मागच्या बाजूला डांबरी रंगाचा एक हात द्या आणि भोवती चुन्याचा गिलावा करा. जुन्या विटांच्या भिंतीवर सिमेंट भरलं की ओल बाहेर पडत नाही, ती लाकडाकडे वळते.

विश्वामित्री नदीचं पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये कित्येक घरांत शिरलं, म्हणून तेही सांगायला हवं. सागाची भरीव खिडकी पुरानं मरत नाही. झडपा उतरवा, चिखल स्वच्छ पाण्यानं धुवा आणि सावलीत, आडव्या, खाली पट्ट्या ठेवून वाळवा. उन्हात उभ्या टेकवल्या तर वाकतील. ओलावामापकाचा आकडा १५ च्या खाली येईपर्यंत रंधा मारू नका, रंग देऊ नका. प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या पट्ट्या मात्र थर सुटून जातात. त्या बदलाव्याच लागतील.

नवी किंवा दुरुस्त खिडकी बसली की पहिल्या मोठ्या पावसात आतल्या बाजूला उभं राहा आणि बोटानं कोपरे चाचपा. वरचा कोपरा ओला लागला तर पाणी भिंत आणि चौकट यांच्या फटीतून येतं आहे. मधल्या जोडावर ओल दिसली तर झडपेच्या कडेवरची पट्टी आखूड पडली आहे. खाली साचलं असेल तर उतार कमी आहे. पाऊस चालू असतानाच खडूनं त्या जागी खूण करा आणि सकाळी मिस्त्रींना बोलवा. नमस्कार.